शनिवारी बंद पडणारी गाडी

इंजिन सुरू होईनासं झालं की माणसं आधी हँडल मारून घामाघूम होतात, मग इंजिनाच्या आईबापांचा उद्धार करतात आणि सगळे उपाय थकले म्हणजे मेकॅनिकला निरोप धाडतात. तोवर चोक ओढून ओढून कार्बोरेटर पेट्रोलने तुडुंब भरलेला असतो, बॅटरीने मान टाकलेली असते आणि रस्त्यावरच्या सोडावाल्यानेसुद्धा एखादा स्क्रू फिरवून पाहिलेला असतो. मूळ दुखणं कोणतं आणि उपचारांनी झालेली दुखणी कोणती, हे मेकॅनिकने आल्यावर निवडायचं. माझा जन्म या निवडण्यात गेला, आणि त्यातला बराचसा मद्रासमध्ये.

मी मूळचा साताऱ्याकडचा. मद्रासला कसा पोचलो याची लांबण लावत नाही. लष्कराच्या वर्कशॉपात ट्रकांखाली पडून काम शिकलो, लढाई संपली तशी ती नोकरीही संपली, आणि ओळखीच्या एका सुभेदारांनी माउंट रोडच्या गल्लीतल्या एका गॅरेजमध्ये चिकटवून दिलं. तमिळ येत नव्हतं, पण बंद पडलेल्या गाडीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा सगळ्या मुलखांत सारखाच असतो. हळूहळू भाषाही आली.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेट्रोलच्या इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी एवढंच लागतं. ठिणगी पडते की नाही ते लगेच दिसतं. खरा वैताग पेट्रोलचा. ते मागच्या टाकीतून बारीक नळीने पुढे येतं. मध्ये एक छोटा पंप असतो, तो नळीतून पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरमध्ये ढकलतो. तिथे सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून त्याचा फवारा उडतो. या वाटेवर कुठेही कचऱ्याचा कण अडकला, पाण्याचा थेंब शिरला किंवा उन्हाने नळी तापून आत पेट्रोलची वाफ धरली, की इंजिन गप्प. मग कार्बोरेटरशी नळी सोडायची आणि दुसऱ्याला हँडल मारायला सांगायचं. पेट्रोलची चिळकांडी उडाली तर दोष पुढे, नाही उडाली तर मागे. शास्त्र म्हणतात ते एवढंच, बाकी सगळा संशय.

या संशयापायी माझी फजितीही पुष्कळ झाली. मैलापूरच्या एका वकिलांची मोटरसायकल मी दुपारभर उघडून बसलो होतो. शेवटी कळलं की त्यांनी आग लागेल या भीतीने पेट्रोलचा नळ बंद करून ठेवला होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वकील साहेब म्हणाले, “मला वाटलं तुम्हाला दिसलंच असेल.” मला वाटलं होतं, बंद नळाची मोटरसायकल घेऊन कोण येईल? तेव्हापासून कुठल्याही गाडीपाशी गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, “पेट्रोल आहे का?” सगळी मुळाक्षरं पुन्हा गिरवायची, मगच पुढचं वाचायचं, असा मी नेम केला. याच नेमाने पुढे मला असं काही गुंडाळून टाकलं की अजून त्या गुंत्याचं एक टोक माझ्या हाती लागलेलं नाही.

गिंडीला तेव्हा कारखान्यांची वसाहत नवी नवी उभी राहत होती. तिथे माधवराव म्हणून एका गृहस्थांचा पितळी व्हॉल्व्ह ओतण्याचा छोटा कारखाना होता. माधवराव तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं किती पिढ्या तिकडे आहे ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे. घरात मराठी, दारात तमिळ आणि हिशेब इंग्रजीत, अशी त्यांची रीत. त्यांचं मराठी ऐकलं की मला जुन्या पोथीतलं कुणीतरी बोलतंय असं वाटे, मध्येच ‘सरी’, म्हणजे ‘बरोबर’, म्हणून तमिळ मान डोलावणारं. मी साताऱ्याचा म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! पहिल्याच भेटीत त्यांनी मला सगळ्या साताऱ्याची खुशाली विचारली.

कारखान्याचा माल बंदराकडे न्यायला त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी गाडी घेतली होती. चालायला दणकट, दिसायला ओबडधोबड. तिच्यावर ड्रायव्हर होता मुनुसामी. चाळिशी उलटलेला, काळासावळा, कपाळावर ठसठशीत भस्म. गाडीला तो ‘पापा’ म्हणे, म्हणजे लहान मुलगी. उन्हात उभी करायची वेळ आली तर स्वतः उन्हात उभा राही आणि सावलीचा तुकडा पापाला देई. तिच्यावर ओरखडा उठला तर त्या दिवशी त्याला जेवण जात नसे, असं कारखान्यातले लोक हसून सांगत.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी माधवरावांचा गॅरेजला फोन आला. सैदापेटच्या पुलाच्या तोंडाशी गाडी उभी राहिली होती. मी हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून गेलो. माल भरलेली गाडी, मागे बैलगाड्यांची रांग, बसचे भोंगे आणि मध्ये मुनुसामी हवालदिल होऊन उभा.

“पेट्रोल आहे का?” मी विचारलं.

“काल संध्याकाळीच भरलं, मेस्त्री. पारुंग!” म्हणजे पाहा. त्याने टाकीचं झाकण फिरवून काढलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. त्याने झाकण परत लावलं आणि मी बॉनेट उघडलं. पंप हाताला चटका लागेल इतका तापलेला. नळीत वाफ धरली असणार, मी मनाशी म्हटलं. मद्रासच्या उन्हात हे नेहमीचं. पंपावर ओलं फडकं घातलं, थोडा वेळ थांबलो, हँडल मारलं. गाडी सुरू! मुनुसामीने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

पुढच्या शनिवारी पुन्हा फोन. पुलाच्या थोडं पुढे, नंदनमपाशी. मुनुसामीने फडकं आधीच ओलं करून पंपावर पसरलेलं होतं, तरी गाडी ढिम्म. मी आलो, पेट्रोलचं विचारलं, त्याने झाकण उघडून दाखवलं. मग मी पंपाखालची काचेची वाटी काढली. तिच्या तळाशी पाण्याचा बारीकसा थेंब दिसला. सापडलं, म्हटलं. वाटी पुसली, लावली, गाडी सुरू.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी पंपाचा पडदा बदलला आणि गाडी सुरू झाली. नंतर एकदा नळी काढून फुंकली, गाडी सुरू झाली. एकदा तर मी काहीच केलं नव्हतं. नुसतं पेट्रोलचं विचारलं, बॉनेट उघडून विचार करत उभा राहिलो, सहज हँडल मारून पाहिलं, तर पठ्ठी सुरू! मुनुसामी आनंदाने हसला. मेकॅनिकला न कळता दुरुस्त झालेली गाडी ही बंद गाडीपेक्षा वाईट. जे जे करावं त्याने ती सुरू होई, म्हणजे कशानेच सुरू होत नव्हती. सोमवार ते शुक्रवार ती मुकाट्याने धावे. शनिवारीच तिला काय होई, ते मला समजेना. इंजिनाला वार कळतो असं कुठल्या वर्कशॉपात मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “शनिवार आहे, मारुतीला तेल घाला.” मी चिडलो. पण खरं सांगतो, पुढच्या शनिवारी सकाळी घातलं. इतका मी गोंधळलो होतो.

माधवरावांनी मला कारखान्यात बोलावलं. समोर चांदीच्या पेल्यात कॉफी ठेवली आणि दार लोटून घेतलं.

“जगन्नाथराव, अस्की बदललांत तुम्हीं,” ते म्हणाले. अस्की म्हणजे सगळं. “पंप जाहला, नळी जाहली. तरी तुम्हीं हात लाविला की चालते, आणि तुम्हीं गेलां की निजते. मी फार विचार केला. गाडींत दोष असतां तर तुमच्या हातानें तरी कशी चालती? म्हणजे दोष गाडींत नाहीं. सरी?”

“मग कशात आहे?”

“माणसांत.” त्यांनी आवाज खाली आणला. “मुनुसामी पेट्रोल विकतो आणि वर घासलेट ओततो. दुसऱ्या कारखान्याचे लोक सांगतात, असें पुष्कळ ड्रायव्हर करतात. शुक्रवारीं मी टाकी भरवितों, शनिवारीं गाडी निजते. आणखी काय पुरावा होणें?”

मी हतबुद्ध झालो. माझ्या प्रत्येक यशाचा अर्थ त्यांनी असा लावला होता. मी गाडी सुरू करत होतो आणि तिकडे मुनुसामीच्या गळ्याभोवतीचा फास आवळत होता. मी म्हटलं, “रावसाहेब, घासलेट असेल तर इंजिन काळा धूर ओकेल, वास येईल. मी पाहतो.” तिथल्या तिथे टाकीतलं थोडं पेट्रोल कागदावर सांडलं. शुद्ध पेट्रोल उडून जातं, मागे काही ठेवत नाही. घासलेटचा तेलकट डाग राहतो. कागद कोरा झाला, डागाचा मागमूस नाही.

“आज सोमवार,” माधवराव म्हणाले. “आज कसा सांपडेल?”

त्यांनी हुकूम काढला की यापुढे मालक, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘मुदलाळी’, किंवा मेस्त्री समोर असल्याशिवाय मुनुसामीने टाकीचं झाकण उघडायचं नाही. मुनुसामीला कारण सांगितलं नाही, पण ते सांगायला लागतं थोडंच? त्या दिवसापासून मी सायकलवरून उतरायच्या आत तो टाकीपाशी धावे आणि झाकण काढून दोन्ही हातांनी टाकीचं तोंड दाखवी. “पारुंग मेस्त्री, भरलेली आहे! वास घ्या! पारुंग!” त्याचे डोळे पाणावलेले असत. मी मान वळवून बॉनेटकडे जाई, कारण त्याच्याकडे बघवत नसे.

गॅरेजमध्ये एव्हाना माझी कीर्ती झाली होती. मद्रासचे लोक ‘कैराशी’ म्हणतात, म्हणजे आपला हातगुण. कुणाच्या हाताने लावलेलं झाड जगतं, कुणी पहिलं गिऱ्हाईक झालं की दुकान चालतं, तसा माझा हात लागला की मेलेली इंजिनं उठतात, असं ही गाडी पाहिलेले लोक सांगू लागले. ड्रायव्हर मंडळी नवी गाडी आणली की मला आधी स्टार्टर दाबायला लावत. मला लाज वाटे, आणि थोडं बरंही वाटे. मुनुसामीचा तर माझ्या हातावर देवासारखा विश्वास बसला होता. “तुमचा हात तसा आहे, मेस्त्री. माझ्या हातात मात्र ती का थांबते?” असं तो एकदा म्हणाला. मी ते तेव्हा कानाआड केलं.

शेवटचा शनिवार आला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. फोनवर माधवरावांचा आवाज वेगळाच होता. गाडी या वेळी फार लांब गेलीच नव्हती, गिंडीच्या शर्यतीच्या मैदानामागच्या रस्त्यावर उभी होती. तो रस्ता त्या काळी अगदी सुनसान, दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं. मी पोचलो तर गाडीपाशी माधवराव छत्री घेऊन उभे, त्यांच्या हातात गाडीची किल्ली. मुनुसामी दूर एका झाडाखाली उकिडवा बसलेला. तो उठला नाही, टाकीकडे धावला नाही.

“मी त्यास कामावरून सोडिलें,” माधवराव म्हणाले. “काल मी स्वतां उभा राहून टाकी भरविली. रात्रीं गाडी कुलपांत. सकाळीं निघाली आणि हिंगा, ह्या रस्त्यावर, निजली. आतां काय शिल्लक आहे? तुम्हीं चालू करून द्या, दुसरा ड्रायव्हर येतो आहे.”

पेट्रोलचा प्रश्न त्यांनीच निकालात काढला होता, म्हणून मी तो विचारला नाही. थेट बॉनेट उघडलं. कार्बोरेटरशी नळी सोडली, माधवरावांच्या शिपायाला हँडल मारायला लावलं. चिळकांडी नाही. पंप काढून पाहिला, चांगला. पंपाकडे येणारी नळी सोडून तोंडाने ओढली. पेट्रोल यायला हवं होतं, तर ओढता ओढता माझे गालच आत गेले. दुसऱ्या बाजूने कुणीतरी तितक्याच जोराने ओढून धरल्यासारखं वाटलं. नळीच टाकीपाशी तुंबली असावी. मी घाम पुसत उभा राहिलो. आजवर या गाडीने इतका वेळ दाद दिली नाही असं झालं नव्हतं. आज मी असं काय केलं नाही, जे रोज करत होतो? डोकं चालेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझा हातगुण संपला असं वाटून मी खरोखर घाबरलो.

नळीचं दुसरं टोक पाहायचं म्हणून मी टाकीकडे गेलो आणि झाकण फिरवलं.

फुस्स!

जवळ उभ्या असलेल्या माधवरावांनाही तो आवाज ऐकू गेला नसावा. सैदापेटच्या गर्दीत तर मला कधीच ऐकू आला नसता, आणि झाकण दर वेळी मुनुसामीच उघडत असे. टाकीने लांब श्वास घेतला होता. मी झाकण हातात घेऊन पाहत राहिलो.

तेलाचा डबा फोडताना आपण दोन भोकं पाडतो. एकच पाडलं तर तेल गुळगुळ करतं आणि थांबतं, दुसऱ्यातून वारा आत गेला की धार लागते. टाकीचंही तसंच असतं. पेट्रोल बाहेर जाईल तसा वारा आत यावा म्हणून झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. ते बुजलं तर गाडी थोडी धावते, मग टाकीतून पेट्रोल ओढलं जात नाही आणि इंजिन उपाशी मरतं. झाकण उघडा, वारा आत जातो, गाडी सुरू. आत शिरलेल्या वाऱ्यावर ती मग दिवसाचं काम उरकते. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली तर मात्र लवकरच थांबते, कारण आत वाऱ्याला जागाच नसते. पंप, नळी, पडदा, ओलं फडकं, माझा हातगुण, सगळं व्यर्थ. मी विचारत होतो, “पेट्रोल आहे का?” आणि त्या प्रश्नानेच गाडी दुरुस्त होत होती.

आणि ते भोक बुजलं होतं चंदनाने. झाकणावर चंदनाचा जाड थर होता, त्यावर कुंकवाचा मोठा टिळा. तो मी दर शनिवारी पाहत आलो होतो आणि तरी पाहिला नव्हता. मद्रासमध्ये चंदन-कुंकू न लावलेलं यंत्र मला कुणी दाखवावं. लेथला लावतात, शिलाईच्या मशीनला लावतात, वजनकाट्याला लावतात. ते रंगासारखंच यंत्राचा भाग होऊन जातं. या झाकणावरचा थर मात्र आज पहिल्यापेक्षा दुप्पट जाड होता.

मी मुनुसामीपाशी जाऊन खाली बसलो. “झाकणाला चंदन तू लावतोस?”

“दर शुक्रवारी, मेस्त्री. संध्याकाळी आंघोळ करून. तिच्या कपाळाला, म्हणजे बॉनेटवर, लावतो आणि मग तिच्या तोंडाला. ती तिथूनच जेवते ना?” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. “गाडी थांबायला लागल्यापासून जास्त लावतो. दृष्ट लागली असेल म्हणून. रविवारी संध्याकाळी धुतो.”

मी त्याला झाकण दाखवलं. टोकदार तार भोकात घालून चंदनाची वळी बाहेर काढली. तेलाच्या डब्याचं उदाहरण दिलं. त्याला सगळं कळलं. ड्रायव्हर होता तो, मला फार बोलावं लागलं नाही. मला वाटलं तो आता उडी मारून उठेल, कारण त्याच्यावरचा चोरीचा आळ गेला होता. मी तर आनंदाने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

तो झाकणाकडे बघत राहिला. मग माझा हात धरून म्हणाला, “मेस्त्री, मुदलाळींना हे सांगू नका. त्यांना सांगा, मुनुसामीने पेट्रोल चोरलं.”

“वेडा झालास काय?”

“चोर म्हणून हाकललं तर दुसरा मुदलाळी ठेवतो. ड्रायव्हरला चोर कोण म्हणत नाही? पण ज्याच्या हाताने पूजा केली की गाडी मरते, त्याला नव्या गाडीजवळ कोण उभा करील? राशी नसलेला हात, असं म्हणतील. खरंच म्हणतील.” त्याने झाकणावर बोट फिरवलं. “अय्यो, पापाचं तोंड मीच दाबून धरलं, सामी. दर शुक्रवारी आंघोळ करून, मीच.”

मी त्याला पुष्कळ समजावलं. यात हाताचा काही संबंध नाही, चिखल बसला असता तरी हेच झालं असतं, यापुढे बॉनेटवर लाव, स्टिअरिंगवर लाव, तिथे भोक नाही. तो नुसती मान हलवत राहिला. माझ्या हाताला गुण आहे हे जर खरं, तर त्याच्या हाताला अवगुण आहे हेही खरंच, असा त्याचा हिशेब होता. आणि माझ्या हाताचा गुण मी इतके दिवस हसत हसत मिरवला होता. त्याला खोडून काढायला माझ्यापाशी तोंड नव्हतं.

तिकडे माधवराव छत्री मिटून येताना दिसले. मी उठलो. खिशातल्या घासलेटच्या फडक्याने झाकण स्वच्छ पुसलं, अगदी कुंकवाची लाली राहणार नाही इतकं.

“काय होतें?” त्यांनी विचारलं.

“टाकीचं भोक बुजलं होतं, रावसाहेब. रस्त्याची धूळ. वारा आत जात नव्हता. झाकण उघडलं की जायचा, म्हणून मी आलो की सुरू व्हायची.”

ते झाकण हातात घेऊन उन्हाकडे धरून बघत राहिले. भोकातून उजेडाचा ठिपका त्यांच्या नाकावर पडला. ते विचार करत होते आणि विचार करता करता त्यांचा चेहरा उतरत गेला.

“म्हणजे तो खरा,” ते म्हणाले. “मी त्यास चोर म्हटलें, जगन्नाथराव. दहा माणसांत म्हटलें.”

माधवराव मोठे अभिमानी गृहस्थ. पण ते स्वतः झाडापाशी गेले. किल्ली दोन्ही हातांत धरून मुनुसामीसमोर उभे राहिले आणि तमिळमध्ये म्हणाले, “माझी चूक झाली. गाडी घे.” मुनुसामी धडपडून उठला, किल्ली घेतली आणि त्यांच्या पाया पडला. गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली आणि बंदरापर्यंत कुठे न थांबता गेली. नंतरच्या शनिवारीही ती थांबली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी. मेकॅनिकची गोष्ट असती तर संपलीही असती. पण मी पुढेही कारखान्यात जात होतो. गाडी धुतलेली, पुसलेली, तेलपाणी वेळच्या वेळी, आणि कपाळ कोरं. बॉनेटवर टिळा नाही, स्टिअरिंगवर नाही. पापा हे नावही मी पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं नाही, तो ‘गाडी’ म्हणायला लागला. मी एकदा त्याच्या मागे लागलो, तर म्हणाला, “चालते ना मेस्त्री? मग झालं.” खोटं बोलून मी त्याची नोकरी ठेवली हे बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. माधवरावांना खरं सांगितलं असतं तर ते कदाचित हसले असते. दोघंही हसले असते, आणि पुढच्या शुक्रवारी त्याने बॉनेटवर टिळा लावला असता. किंवा माधवरावांनी त्याला हळूच, मानाने, दुसरीकडे काम पाहायला सांगितलं असतं. मी यावर इतकी वर्षं विचार केला आहे, आणि प्रत्येक वेळी वेगळंच उत्तर येतं.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, माधवरावांनी मला अगत्याने बोलावलं. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, भट्टी थंड होती, फरशी धुऊन रांगोळी काढलेली. गाडी दारात उभी, चाकांखाली लिंबं ठेवलेली. सगळी यंत्रं झाली, तेव्हा माधवरावांनी चंदनाची वाटी मुनुसामीपुढे धरली. गाडीला पहिलं बोट ड्रायव्हरचं, अशी तिथली पद्धत.

“लाव, मुनुसामी,” ते म्हणाले.

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो एक पाऊल मागे सरला.

“हाताला ऑइल आहे, मुदलाळी,” तो म्हणाला. “मेस्त्रींना लावू द्या.”

माधवरावांनी वाटी माझ्याकडे दिली. मी बॉनेटवर टिळा लावला. वळून पाहिलं तर मुनुसामी गाडीच्या मागच्या बाजूला उभा होता. नवं पांढरं धोतर, नुकतीच केलेली आंघोळ, ओले केस. दोन्ही हात त्याने पाठीमागे धरले होते. मी त्याच्या मागून गेलो तेव्हा ते मला दिसले. नखांच्या कडांपर्यंत घासून लख्ख धुतलेले.